घासाचा प्रवास : दोन दारे आपल्या हाती



भोजनाविषयी आपल्या समाजात पुष्कळ विचार झालेला आहे. काय खावे, केव्हा खावे, किती खावे आणि काय वर्ज्य करावे, याचे संस्कार घराघरांत बालपणापासून होत असतात. परंतु घास एकदा गळ्याखाली उतरला की हा विचार तेथेच थांबतो. पुढे त्या घासाचे काय होते, त्याला कोण पुढे नेते, त्याला वाटेत किती वेळ लागतो, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. पोट दुखू लागले, फुगू लागले किंवा दोन-तीन दिवस साफ झाले नाही, म्हणजे मात्र त्या विसरलेल्या प्रवासाची आठवण होते. त्या प्रवासाची ओळख करून घेणे आणि त्यात मनुष्याच्या हाती नेमके काय आहे हे पाहणे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

घास पडतो की नेला जातो?

सर्वसाधारण समजूत अशी असते की, तोंड वर आणि पोट खाली असल्यामुळे अन्न आपोआप खाली पडते. ही समजूत खरी नाही. पाणवठ्यावर पाणी पिणारी गाय पाहावी. तिचे तोंड जमिनीलगत असते आणि पोट वर असते. तरीही पाण्याचा प्रत्येक घोट चढण चढून पोटात जातो. मनुष्यानेही शीर्षासनात घोट गिळला, तर तो पोटाकडेच जाईल. अर्थात हा प्रयोग कोणी करून पाहू नये.

अंतराळप्रवास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांच्या मनातही ही शंका होती. जेथे वजनच नाही तेथे माणसाला गिळता येईल काय? २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकेचे अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीभोवती फिरताना नळीतून सफरचंदाचा गर खाल्ला आणि तो विनासायास पोटात गेला. २०२५ च्या जून महिन्यात भारताचे शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा त्यांच्यासोबत मूगडाळीचा हलवा आणि आमरसही होता. तेथे ‘वर’ आणि ‘खाली’ या शब्दांना अर्थ उरत नाही, तरी आमरसाला पोटाची वाट अचूक सापडते. याचा अर्थ स्पष्ट आहे. अन्न पडत नसते. ते नेले जाते. आणि नेण्याचे हे काम स्नायू करतात.

पहिले दार : तोंड

मुखापासून गुदद्वारापर्यंत हा मार्ग सुमारे ३० फूट लांबीचा आहे. त्यात मनुष्याची आज्ञा चालते ती केवळ दोन ठिकाणी : आरंभी आणि शेवटी. मधल्या सर्व मार्गावर राजाचीही आज्ञा चालत नाही आणि रंकाचीही नाही.

आरंभीचे दार म्हणजे तोंड. किती मोठा घास घ्यावा, किती चावावा आणि केव्हा गिळावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. दातांनी दळलेले व लाळेत भिजलेले अन्न जीभ मागे ढकलते. त्या क्षणी घशात एक अत्यंत जलद आणि शिस्तबद्ध कार्य घडते. टाळूचा मागील भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकते, श्वासनलिकेवर झाकण पडते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात पार पडते. घशात श्वासाची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. म्हणून त्या एका सेकंदाला एवढे महत्त्व आहे. तोंडात घास असताना बोलणे किंवा हसणे म्हणजे चौकातील सिग्नल तोडून गाडी पुढे घालण्यासारखेच आहे. ‘जेवताना बोलू नये’ या वडीलधाऱ्यांच्या शिकवणीत शिष्टाचार तर आहेच, पण सुरक्षितताही आहे.

वृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जपावी लागते. वयोमानाने किंवा अर्धांगवायूनंतर गिळण्याची ही शिस्त सैल होते. अशा व्यक्तीला आडवे ठेवून भरवू नये. सरळ बसवून, लहान घास देऊन, आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा घास द्यावा. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. कोणाच्या घशात घास अडकला आणि तो मनुष्य खोकू शकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. परंतु खोकला, आवाज आणि श्वास तिन्ही बंद झाले, तर क्षणही न दवडता त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने घास निघाला नाही, तर मागे उभे राहून, बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून, पोट आत व वरच्या दिशेने पाच वेळा जोराने दाबावे, आणि घास निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्या कोणी मदत बोलवावी. एक वर्षाखालील बाळावर पोट दाबण्याची ही रीत वापरू नये. पंगतीला बसणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती असावी; कारण अशा प्रसंगी डॉक्टर येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नसतो.

नेफा आणि नाडी

घास अन्ननलिकेत शिरला की मनुष्याची सत्ता संपते. गिळलेला घास इच्छेने थांबविता येत नाही की परत बोलाविता येत नाही. अन्ननलिका ही सुमारे १० इंच लांबीची स्नायूंची नळी आहे. तिच्या भिंतीची रचना कापडाच्या विणीची आठवण करून देणारी आहे. कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. त्याप्रमाणे या भिंतीत बाहेरचे स्नायू उभे धावतात आणि आतले स्नायू नळीभोवती कड्यांसारखे आडवे असतात. फरक इतकाच, की येथे धागे एकमेकांत गुंतलेले नसून एकावर एक असे दोन थर आहेत, आणि हे दोन्ही थर जिवंत आहेत.

घासाच्या मागील कडे आवळते आणि पुढील कडे सैल होते, त्यामुळे घास थोडा पुढे सरकतो. मग त्याच्यामागचे नवे कडे आवळते, पुढचे सैल होते. अशी लाट वरून खाली उतरत जाते. लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवताना बोटे काय करतात, ते येथे आठवावे. मागे कापड चिमटीत धरावयाचे, पुढे मोकळे करावयाचे आणि नाडी कणाकणाने पुढे सरकवावयाची. मागे धरले नाही तर नाडी मागे जाते. पुढे मोकळे केले नाही तर ती अडते. मागचे आवळणे आणि पुढचे सैल होणे, या दोन्ही क्रिया सारख्याच आवश्यक आहेत. या लाटेला शास्त्रात क्रमाकुंचन म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी असणारा शब्द ‘पेरिस्टाल्सिस’ असा आहे. अन्ननलिकेत ही लाट सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगाने चालते आणि घास आठ-दहा सेकंदांत जठराच्या दाराशी पोचतो.

ते दार घास आत जाण्यापुरते उघडते आणि पुन्हा मिटते. ते सैल पडले तर जठरातील आम्ल वर येते आणि छातीत जळजळ होते. जेवून लगेच आडवे होणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. म्हणून रात्रीचे जेवण आणि झोप यांमध्ये दोन-तीन तासांचे अंतर असावे असे डॉक्टर सांगतात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना हे अंतर आपोआपच मिळते.

गिरणी, चाळणी आणि जमाखर्च

जठरात स्नायूंचे दोन नव्हे तर तीन थर असतात. तिसरा तिरपा असतो. कारण येथे केवळ पुढे नेण्याचे काम नाही, दळण्याचेही आहे. जठरात मिनिटाला सुमारे तीन लाटा उठतात. प्रत्येक लाट अन्न खालच्या दाराकडे लोटते. ते दार अतिशय चोखंदळ आहे. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण ते सहसा पुढे जाऊ देत नाही. मोठा कण मागे फेकला जातो, पुन्हा घुसळला जातो आणि पुन्हा दाराशी येतो. तोंडात न चावलेल्या घासाचे काम असे जठरावर येऊन पडते. साधे जेवण जठरातून पुढे जाण्यास सुमारे चार तास लागतात. तूप-तेल अधिक असेल तर त्याहून जास्त. लग्नाच्या जेवणानंतर पोट संध्याकाळपर्यंत जड का राहते, त्याचे उत्तर यात आहे.

लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते आणि शरीराचे खरे पोषण येथे होते. म्हणून येथे घाई करून चालत नाही. येथे क्रमाकुंचनाबरोबर आणखी एक हालचाल दिसते. आतड्याची कडी ठिकठिकाणी एकाच वेळी आवळतात आणि अन्नाचे तुकडे पडतात. मग दुसऱ्या जागची कडी आवळतात आणि त्या तुकड्यांचे नवे तुकडे होतात. अन्न पुढे-मागे हलते, पाचक रसांत मिसळते आणि आतड्याच्या भिंतीला पुन्हा पुन्हा लागते. आरंभीच्या भागात हा ठेका मिनिटाला सुमारे १२ असतो, शेवटाकडे तो आठ-नऊवर येतो. वरचा ठेका जलद आणि खालचा संथ असल्याने अन्नाचा ओघ एकंदरीत पुढेच राहतो. हा प्रवास तीन ते पाच तासांचा असतो.

व्यापारी श्रोत्यांना येथील जमाखर्च पाहून आश्चर्य वाटेल. दिवसभरात मनुष्य अन्नपाण्यातून साधारण दोन लिटर द्रव घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्यांचा रस मिळून शरीर स्वतःचे सुमारे सात लिटर त्यात ओतते. एकूण जमा नऊ लिटर. त्यांपैकी साडेसात लिटर लहान आतडे परत शोषून घेते. उरलेल्या दीड लिटरपैकी बहुतेक मोठे आतडे घेते. मलावाटे खर्ची पडते ते केवळ १०० ते २०० मिलिलिटर. जो व्यापारी रोज नऊ लिटर माल हलवून घट एवढीच ठेवतो, त्याच्या चोखपणाला नमस्कारच केला पाहिजे.

परंतु हा हिशेब जुळतो तो वेळेवर अवलंबून. लाटा अति जलद झाल्या की शोषून घ्यायला वेळ मिळत नाही. जुलाब होतात आणि शरीराचे पाणी निघून जाते. लाटा अति संथ झाल्या की मोठे आतडे पाणी शोषतच राहते आणि मल खड्यासारखा कोरडा होतो. पुष्कळदा अतिसार आणि बद्धकोष्ठ या दोन्ही तक्रारींचे मूळ गतीतच असते.

मोठे आतडे पाच फूट लांब, पण सर्वांत संथ. येथे अन्नाचा अवशेष एक ते दोन दिवस राहू शकतो. बराच काळ येथे केवळ मंद घुसळण चालते. मात्र दिवसातून एक ते तीन वेळा एक मोठी, जोरकस लाट येते आणि बराच माल एकदम पुढे लोटते. ही लाट मुख्यतः सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर येते; कारण जठरात अन्न आले की मोठ्या आतड्याला पुढची जागा मोकळी करण्याचा संदेश मिळतो. हीच ती शौचाची भावना. या लाटेचे महत्त्व पुढे येणारच आहे.

आज्ञा कोण देतो?

मनुष्य झोपलेला असो, दुकानात असो वा बेशुद्ध असो, या लाटा चालतात. मग त्यांना आज्ञा कोण देतो? १८९९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा शोध घेतला. आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसांचा संबंध तोडला तरी आतड्यात काही घातल्यावर त्याच्या वरचा भाग आवळतो आणि खालचा सैल होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे हा नियम आतड्याच्या स्वतःच्या भिंतीतच लिहिलेला आहे. त्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी आहेत आणि त्यांतील पेशींची संख्या १० कोटींहून अधिक मानली जाते. याखेरीज ठेका धरणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. म्हणूनच आतड्याला ‘दुसरा मेंदू’ म्हणण्याची पद्धत पडली आहे.

हे ज्ञान कुत्र्यांवरील शस्त्रक्रियांतून मिळाले, हेही या सभेत सांगितले पाहिजे. त्या काळीही ते सर्वांना रुचले नव्हते. १९०३ मध्ये त्याच बेलिस यांच्या प्रयोगशाळेतील एका तपकिरी कुत्र्याच्या यातनांवरून इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला; परंतु प्राणिमित्रांनी १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचे स्मारक उभारले. ते १९१० मध्ये हलविले गेले आणि १९८५ मध्ये त्या कुत्र्याचे नवे स्मारक पुन्हा उभे राहिले. विद्येचा लाभ घेताना तिची किंमत कोणी मोजली याचे स्मरण ठेवणे, एवढे तरी आपले कर्तव्य आहे.

सुदैवाने पाहण्याची दुसरी साधने त्याच सुमारास हाती आली होती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्डचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी अन्नात बिस्मथ मिसळून, जिवंत प्राण्याच्या पोटातील अन्नाची हालचाल पडद्यावर पाहण्यास प्रारंभ केला. मांजर शांत असे तोवर जठराच्या लाटा ओळीने चालत. ते भ्याले वा चिडले की लाटा थांबत, आणि गोंजारून शांत केले की पुन्हा सुरू होत. या निरीक्षणातला बोध प्रत्येक घराला लागू आहे. लाटांना आज्ञा देता येत नाही, परंतु क्रोध आणि भय त्यांना थांबवू शकतात. जेवणाच्या ताटावर उधारी-वसुलीचा विषय काढणे, मुलांच्या गुणपत्रिकेवरून बोलणी सुरू करणे, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून भाव ठरविणे, हे जठराला मानवत नाही.

आज तर छोट्या गोळीच्या आकाराचा कॅमेराच रुग्णाला गिळण्यास देतात. २००१ पासून ही तपासणी वापरात आहे. त्या कॅमेऱ्याला सहसा चाके नसतात की मोटार नसते. आतड्याच्या लाटाच त्याला पुढे नेतात आणि तो वाटेतील चित्रे पाठवीत राहतो.

उपवासात लाटा काय करतात?

पोट रिकामे असताना हे स्नायू विसावतात, असा समज असू शकतो. पण तसे नाही. शेवटचे अन्न पुढे गेले की दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक सफाईची लाट फिरते. उरलेले कण, न पचलेले धागे, जंतू यांना ती झाडून पुढे नेते. रिकाम्या पोटात गुरगुर ऐकू येते, त्यात या लाटेचा वाटा असतो. काही खाल्ले की ही लाट थांबते. दिवसभर सतत काहीतरी तोंडात टाकणाऱ्याच्या आतड्याला म्हणून झाडलोटीची सवड कमी मिळते.

यावरून उपवासाला विज्ञानाने प्रमाणपत्र दिले असा अर्थ काढण्याचे कारण नाही. तपाचे प्रयोजन आतड्याची सफाई हे नव्हे, आणि तपाला अशा आधाराची गरजही नाही. मात्र दीर्घ उपवासाचे पारणे हलक्या, पातळ आणि अल्प आहाराने करण्याची जी रीत आहे, ती शरीराला मानवणारी आहे, एवढे निःसंशय म्हणता येते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गती थांबली तर?

या लाटांची खरी किंमत त्या थांबल्या म्हणजे कळते. सुमारे ५००० बालकांत एक बालक असे जन्मते, की त्याच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात. गर्भावस्थेत या पेशी वरून खाली प्रवास करीत येतात. तो प्रवास अपुरा राहतो. मग तेवढा भाग आवळलेलाच राहतो, सैल होऊ शकत नाही, आणि त्याच्या वरचा भाग मलाने फुगत जातो. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या रोगाचे वर्णन केले. १९४८ पासून त्यावर यशस्वी शस्त्रक्रिया होऊ लागली. नवजात बाळाने ४८ तासांत पहिली काळी शी केली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर गुटी देत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. नाडी ओवताना पुढचे कापड मोकळे झालेच नाही तर काय होते, याचे हे करुण उदाहरण आहे.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पोटाला नळी लावून ऐकतात आणि विचारतात, ‘वारा सरला का?’ नातेवाईक या प्रश्नाने संकोचतात. परंतु शस्त्रक्रियेच्या धक्क्याने थांबलेल्या लाटा पुन्हा सुरू झाल्याची ती पहिली शुभवार्ता असते. मोठे आतडे जागे व्हायला दोन-तीन दिवसही लागतात. दीर्घकाळच्या मधुमेहात जठराच्या नसा दुबळ्या होऊन अन्न तेथेच रेंगाळते. थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते आणि साखर अनियमित होते. हेही गतीचेच दुखणे आहे.

दुसरे दार

आता शेवटच्या दाराकडे वळू. येथे पुन्हा मनुष्याची सत्ता सुरू होते, आणि येथेच तो सर्वाधिक चुकतो. गुदद्वाराचा आतील स्नायू आपोआप सैल होतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या इच्छेने आवळता येतो. मोठी लाट येते, भावना होते, आणि मनुष्य म्हणतो, ‘आता नको, गिऱ्हाईक आहे.’ शाळेतील मुलगी अस्वच्छ शौचालयाच्या भीतीने थांबते. घरातील स्त्री सर्वांचे डबे भरून होईपर्यंत थांबते. भावना ओसरते, मल तेथेच राहतो, त्यातले पाणी आणखी शोषले जाते. हे रोज घडले की आतड्याने हाक मारणे कमी होते. ज्याची हाक कोणी ऐकत नाही तो शेवटी बोलेनासा होतो, तसाच हा प्रकार आहे. चरकसंहितेत ‘नवेगान्धारणीय’ नावाचा संपूर्ण अध्याय आहे. नैसर्गिक वेग अडवू नयेत, हाच त्याचा विषय आहे. आधुनिक वैद्यकाचा सल्लाही येथे वेगळा नाही.

उपाय साधे आहेत. न्याहारीनंतर दहा मिनिटे निवांत राखून ठेवावीत. आहारात रोज २५ ते ३० ग्रॅम तंतू असावेत. अख्ख्या धान्याची भाकरी-पोळी, सालीसह मूग, उसळी, भाज्या व फळे यांतून ते मिळतात. तंतूंमुळे मलाला आकारमान येते, भिंत ताणली जाते आणि ताणली की लाट उठते. इसबगोल याच तत्त्वावर काम करते. मात्र ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे, अन्यथा तेच मार्गात अडसर होते. चालणे आतड्याच्या गतीला साहाय्यक आहे. उकिडवे बसल्याने शेवटचे वळण सरळ होते. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली लहान पाट घेतला तरी बरेच साधते. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधे यांनीही बद्धकोष्ठ होते. ते डॉक्टरांना सांगावे, औषध आपण होऊन बंद करू नये. सोनामुखीची चूर्णे वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेत राहू नये. त्याने मूळ कारण झाकले जाते.

सर्वांनाच रोज शौचास झालेच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक निरोगी माणसांत असतो. परंतु वयाच्या पन्नाशीच्या सुमारास वा नंतर सवय अचानक बदलली, मलात रक्त दिसले, वजन विनाकारण उतरले, रक्त कमी झाले, घास गिळताना अडकू लागला, तर संकोच सोडून तपासणी करावी. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या आणि वाराही सरेनासा झाला, तर घरगुती उपाय न करता त्वरित रुग्णालय गाठावे. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे गुडघ्याचे दुखणे चारचौघांत सांगतात. मलात रक्त दिसले तर मात्र सुनेला सांगत नाहीत आणि मुलालाही सांगत नाहीत. मूळव्याध असेल म्हणून महिने जातात. त्यात कर्करोगासारखा आजार असला, तर त्या संकोचाची किंमत प्राणाने मोजावी लागते. म्हणून मुलांनी विचारावे, सुनांनी विचारावे आणि ज्येष्ठांनी सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

बंधू-भगिनींनो, तीस फुटांच्या या मार्गावर एक अखंड सेवा चालू आहे. तिला सुट्टी नाही, वेतन नाही आणि कौतुकाची अपेक्षाही नाही. मधल्या मार्गाचा कारभार आपल्याकडे सोपविलेलाच नाही, ही एका अर्थी मोठीच कृपा आहे. आपल्याकडे दोन दारांची राखण तेवढी दिलेली आहे. पहिल्या दारातून शांत चित्ताने, चावून, मिताहाराने घास आत सोडावा. दुसऱ्या दाराशी हाक आली की ती अडवू नये. एवढी राखण नीट झाली, तर मधला सेवक आपले काम सहसा चुकवीत नाही. आणि कधी चुकलाच, तर ते लपवून ठेवू नये.